शिवलेलं पुन्हा पुन्हा फाटतंय? आधी दुसरी फाट कुठे पडली ते बघा

पँट मांडीत फाटते. तुम्ही ती मशीनवर घेता, मागेपुढे चार वेळा टीप मारता, चांगली घट्ट. तीन आठवड्यांनी ती पुन्हा फाटते. टीप जशीच्या तशी असते, तिचा एकही दोरा तुटलेला नसतो. फाट तिच्या शेजारी, अर्ध्या सेंटिमीटरवर, टिपेला समांतर पडलेली असते. मग तिथेही टीप. मग तिच्या पलीकडे तिसरी फाट. शेवटी मांडीवर पुठ्ठ्यासारखा कडक चट्टा तयार होतो, चालताना टोचतो आणि पँट बाद होते.

मी एका पँटवर हा उद्योग पाच वेळा केला आहे. प्रत्येक वेळी वाटायचं की शिलाई कमी पडली, अजून मजबूत हवी. खरं म्हणजे शिलाई जास्तच मजबूत होत होती आणि घोटाळा तिथेच होता.

आपल्याकडे यासाठी तीन वेगळे शब्द आहेत, पण वापरताना आपण एकच वापरतो. उसवणं म्हणजे शिवणीचा दोरा गेला, कापड शाबूत. फाटणं म्हणजे चांगल्या कापडाला झटका बसला, खिळ्यात अडकलं, कशात तरी ओढलं गेलं. विरणं म्हणजे कापडाची सुतंच झिजून पातळ झाली. विरलेलं कापड एक दिवस भोक दाखवतं, त्या दिवशी आपण म्हणतो "फाटलं", आणि त्यावर इलाज करतो तो उसवल्याचा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक इथूनच सुरू होतात.

म्हणून सुई हातात घेण्याआधी कपडा उलटा करा आणि आतून मोबाइलची बॅटरी लावून उजेडात धरा. धड कापडातून उजेड सारखा झिरपतो. विरलेल्या जागी तो चाळणीतून यावा तसा येतो. त्या चाळणीची हद्द खडूने आखून घ्या. भोक नखाएवढं असलं तरी आखलेला भाग तळहाताएवढा निघाला, असं मी अनेकदा पाहिलं आहे. शंका असेल तर दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणा. सुतं बाजूला सरकताना दिसली किंवा बारीक "चर्र" ऐकू आलं, तर ती जागाही हद्दीच्या आत घ्या. तुमचं ठिगळ, रफू, टीप, जे काही असेल ते या रेषेच्या बाहेर, धड कापडात जाऊन संपलं पाहिजे. माझ्या पाचही दुरुस्त्या रेषेच्या आत संपत होत्या.

दुसरी फाट टिपेच्या शेजारी पडली असेल तर

हा सगळ्यात चिवट प्रकार, म्हणून इथे जरा थांबू.

टीप म्हणजे दोरा, तशीच ती भोकांची रांगही. मशीनच्या सुईवर 90 लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तिची जाडी 0.9 मिलिमीटर आहे. आता टाक्याची लांबी 1 मिलिमीटरवर ठेवली तर दोन भोकांमध्ये कापड उरतं किती? पावती फाडायला सोपं जावं म्हणून कागदावर टोचलेली रेघ असते, तीच आपण कापडावर काढत असतो. त्यात सुई बोथट असेल तर ती सुतांच्या मधून जाण्याऐवजी सुतं तोडत जाते. साध्या सुती कापडाला 80 ची सुई, जीन्सला 90 किंवा 100 ची, आणि टाका 2.5 ते 3 मिलिमीटर. बारीक टाका म्हणजे मजबूत टाका, हा समज दुरुस्तीच्या कामात तरी सोडून द्यावा लागतो.

दुसरं कारण कडकपणा. चार टिपा, त्याखाली जाड ठिगळ, वर इस्त्रीने चिकटवलेली पट्टी असं झालं की तेवढा भाग वाकत नाही. पण पाय तर वाकतोच. मग सगळं वाकणं त्या कडक भागाच्या काठावर येतं, बिजागरीसारखं. तार एकाच जागी वाकवत राहिलं तर तिथे तुटते, तसंच कापड त्या काठावर तुटतं. चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यापासून नवी फाट सुरू होते त्याचंही कारण तेच, सगळा ताण टोकाशी गोळा होतो. ठिगळ नेहमी गोल किंवा लांबट गोल कापा.

तिसरं, दोरा. जाड पॉलिस्टर दोरा जुन्या सुती कापडापेक्षा कितीतरी दणकट असतो. ओढाताण झाली की दोघांपैकी कोणीतरी हार मानणार, आणि ती दोऱ्याने मानावी असं मला वाटतं. तुटलेला दोरा पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो, तुटलेलं कापड नाही. नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याने केलेली "न दिसणारी" दुरुस्ती मी दोनदा करून पाहिली आणि दोन्ही वेळा त्याने जुनं सुत करवतीसारखं कापलं.

जीन्सची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जीन्सच्या कापडात निळे असतात ते उभे धागे. आडवे धागे सहसा न रंगवलेले, पांढरे असतात. विणताना उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून आणि एकाखालून जातो, म्हणून बाहेरून कापड निळं आणि आतून फिकट दिसतं. साहजिकच घर्षणाचा मार आधी निळ्या धाग्यांना बसतो. ते तुटून गेले की पांढरे आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे उरतात. गुडघ्यावर लोक हीच शिडी मुद्दाम करून घेतात, मांडीत ती आपोआप होते. ती दिसली याचा अर्थ अर्धं कापड आधीच गेलेलं आहे. दुरुस्तीची खरी वेळ त्याच्या आधीची, जेव्हा मांडीत नुसता फिकटपणा आणि बारीक लव दिसत असते. ती लव कात्रीने छाटायची नाही. ते तुटलेल्या धाग्यांचे शेंडे आहेत आणि रफूत ते पकड देतात.

मी आता मांडीची दुरुस्ती कशी करतो ते सांगतो. ठिगळाचं कापड पँटच्या कापडापेक्षा किंचित पातळ, मऊ आणि चांगलं धुतलेलं घेतो. नवं सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आकसतं, आणि आकसताना भोवतालचं विरलेलं कापड ओढून घेतं. लावलं तेव्हा सपाट होतं आणि धुतल्यावर चुण्या आल्या, असं होतं ते यामुळे. पँट ताणली जाणारी असेल तर ठिगळही तसंच हवं. खडूच्या रेषेबाहेर सगळीकडून 2 सेंटिमीटर जाईल असं लांबट गोल कापायचं. ठिगळाचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याला जुळवायचा. तिरकं लावलं तर ते तिरकं ताणलं जातं आणि पँट सरळ, दोघांचं कधी पटत नाही.

कडा आत दुमडायची नाही. दुमडली की कंगोरा तयार होतो, तो मांडीला घासतो आणि बिजागरीचं काम करतो. कडेला नागमोडी टीप पुरे. मग आतून कच्चे टाके घालून पँट अंगात घालायची आणि खाली उकिडवं बसून बघायचं. हा टप्पा लोक हमखास गाळतात. टेबलावर सपाट पसरलेली पँट आणि बसलेल्या माणसाच्या अंगातली पँट यांचा आकार एक नसतो. ठिगळ कुठे ओढतंय ते बसल्यावरच कळतं.

पक्कं करताना धावदोऱ्याच्या ओळी उभ्या धाग्याच्या दिशेने, एकमेकींपासून 4-5 मिलिमीटरवर. हाताने किंवा मशीनने, दोन्ही चालतं. हाताचं काम मऊ राहतं. सगळ्यात महत्त्वाचं हे की ओळी एकाच रेषेत संपवायच्या नाहीत. एक लांब, पुढची आखूड, मग मध्यम. सगळ्या ओळी एका रेषेत थांबल्या तर ताण त्या एकाच सुतावर येतो आणि पुढच्या वेळी फाट तिथून सुरू होते. कड जितकी वेडीवाकडी तितका ताण पसरतो. दिसायला गचाळ दिसेल, पण ते आतल्या मांडीत कोण बघायला येतंय.

विरलेली जागा नेमकी आसनात, चार शिवणी एकत्र येतात तिथपर्यंत पोचली असेल तर शिवणीवरून सरसकट ठिगळ चढवू नका. शिवण दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटर उसवा, प्रत्येक बाजूचं कापड वेगळं सांधा, मग शिवण पुन्हा घाला. वीस मिनिटं जास्त जातात. मी कंटाळा करून दोनदा वरूनच ठिगळ चढवलं आणि दोन्ही वेळा बसताना शिवण ओढली गेली.

इस्त्रीने चिकटणाऱ्या पट्ट्यांबद्दल विचारणारे बरेच असतात. त्यांचा डिंक उष्णतेने वितळून चिकटतो, धुण्यात हळूहळू सुटतो, आणि सुटेपर्यंत जागा कडक ठेवतो. शिवताना कापड हलू नये म्हणून आधार एवढाच उपयोग मी मान्य करतो. नुसत्या पट्टीच्या भरवशावर मांडी सोडू नका.

एवढं सगळं करूनही वर्षभराने तिथेच विरलं, तर फाटण्याचं कारण पँट बसण्यात आहे. उभं राहून आरशात बघा. आसनापासून मांडीवर आडव्या चुण्या पसरल्या असतील तर पँट तिथे घट्ट आहे. उलट आसन खाली लोंबत असेल तर प्रत्येक पावलाला दोन्ही पायांमधलं कापड आडवं ताणलं जातं. मग पँट थोडी वर ओढून पट्टा बांधणं, किंवा शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, शिल्लक असेल तर ती सोडून घेणं, हा शिलाईपेक्षा मोठा उपाय आहे. सायकल चालवणाऱ्यांच्या पँटी बैठकीच्या कडेला विरतात. त्यांनी भोक पडायची वाट न बघता नव्या पँटलाच आतून पातळ थर लावावा.

टीप तुटते, कापड मात्र शाबूत

हे खरं उसवणं, आणि सोपं. आसनाची मागची शिवण गोलाईत असते, कापड तिथे तिरकं पडतं आणि तिरकं कापड ताणलं जातं. दोरा ताणला जात नाही, तो तुटतो. कपडा उलटा करून टीप बघा. खालचा, म्हणजे बॉबिनचा दोरा पट्टीसारखा सरळ पडलेला असेल आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे बारीक फासे दिसत असतील, तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत लपली पाहिजे. ताण नीट करून घ्या, आणि गोलाईच्या शिवणीला अगदी अरुंद नागमोडी टीप किंवा हाताने उलटी टीप घाला. उलट्या टिपेत प्रत्येक टाका थोडा मागे जाऊन पुढे येतो, त्यामुळे तिच्यात जरा ढील राहते. धावदोऱ्यात ती राहत नाही.

दोरा मात्र आधी तपासा. डब्यात वर्षानुवर्षं पडलेलं रीळ दिसतं छान. हातभर दोरा घेऊन झटका द्या. सहज तुटला तर तो कच्च्या टाक्यांसाठी ठेवा.

दोराही तुटला नाही, कापडही नाही, तरी शिवणीशी फट

सॅटिन, गुळगुळीत अस्तर, पातळ व्हिस्कोस (म्हणजे रेयॉन) यांत हे दिसतं. सुतं तुटत नाहीत, घसरतात. शिवणीशी जाळीसारखी फट पडते आणि लोक तिथे अजून घट्ट टीप मारतात. त्याने फट दोन मिलिमीटर आत सरकते, बस. इथे शिवण थोडी आत, जिथे सुतं जागेवर आहेत तिथे घ्यावी लागते, आणि मग माया एका बाजूला दुमडून वरून दुसरी टीप. कपडा आधीच तंग असेल तर आत घ्यायला जागा नसते. तेव्हा शिवणीत मऊ कापडाची एक अरुंद पट्टी धरून शिवायची, म्हणजे ताण पट्टीवर जातो.

व्हिस्कोसचं आणखी एक लक्षात ठेवा. सुती धागा ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो, व्हिस्कोसचा धागा ओला झाल्यावर बराच कमजोर होतो. म्हणून व्हिस्कोसचा कपडा पिळायचा नाही. बऱ्याच शिवणी अंगात नाही, पिळताना सरकतात.

टी-शर्टला पोटाशी बारीक भोकं

"कसर लागली" म्हणून लोक कपाट रिकामं करतात. कपडे खाणारी कसर लोकर, रेशीम अशा प्राणिज धाग्यांवर जगते. स्वच्छ सुती टी-शर्टमध्ये तिला काही मिळत नाही. तुमची भोकं समोरच, पँटच्या बटणाच्या किंवा पट्ट्याच्या बकलाच्या उंचीवर आहेत का बघा. तशी असतील तर ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला टेकून उभं राहताना टी-शर्टचं पातळ कापड कड आणि बटण यांच्यात रगडलं जातं. नवा टी-शर्ट आणला तरी महिन्याभरात पुन्हा तीच जागा, कारण ओटा तोच आणि बटण तेच.

टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं असतं. त्यात एक फासा तुटला की त्याच्या वरचे-खालचे सुटत जातात, म्हणून भोक छोटं असतानाच धरायला हवं. बारीक सुई, एकेरी दोरा, सुटलेले फासे एकेक करून उचलायचे आणि अलगद जवळ आणायचे. भोकाचे काठ ओढून गच्च गाठ मारली तर बाजूचे फासे तुटतात आणि एकाची तीन भोकं होतात. मशीनवर न्यायचं असेल तर अशा फाशांच्या कापडाची गोल टोकाची सुई लावा, ती फाशांना टोचत नाही, बाजूला सारते.

भोकं सगळीकडे विखुरलेली असतील तर धुण्याकडे बघा. उघडी चेन आणि सुटे हूक मशीनमध्ये बाकी कपड्यांना ओरबाडतात. चेन बंद, हूक अडकवलेले, कपडे उलटे, आणि ड्रम गच्च न भरलेला, एवढ्यावर बरंच थांबतं.

खिसा, बटण, कोपर

खिशाचा कोपरा पुन्हा पुन्हा उसवणं ही जुनी तक्रार. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पँटींना खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले, ते याचसाठी. कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याच्याबरोबर त्याने त्याचं पेटंट घेतलं, 20 मे 1873 रोजी. घरी रिव्हेटची गरज नाही. कोपऱ्याच्या आतून नाण्याएवढा कापडाचा तुकडा ठेवा आणि वरून सेंटिमीटरभर लांबीची दाट नागमोडी टीप मारा. ताण कोपऱ्याच्या टोकावर न राहता तुकड्यावर पसरतो.

बटण कापडासकट निघत असेल तर ते फार घट्ट लावलेलं असतं. बटणाखाली आगकाडी धरून शिवा, काडी काढा, सुटलेल्या दोऱ्याला तीन-चार वेढे द्या. बटणाला मान मिळते. जाड कापडाला आतल्या बाजूने एक छोटं चपटं बटण जोडीला लावा.

लोकरीच्या कोपराला रफू करताना वळणावर दोरा पूर्ण ओढू नका, बारीकसा फासा सोडा. लोकर धुण्यात आकसते, तेव्हा तो फासा कामी येतो.

शिवूच नये असं काही

भोकं अचानक, एकाच धुण्यानंतर, शिंतोड्यांसारखी आली असतील तर कपडा कुठे होता ते आठवा. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं ॲसिड सुती कपड्यावर उडालं तर लगेच काही दिसत नाही. धुतल्यावर तेवढी सुतं गळून पडतात. क्लोरीनचं ब्लीच वारंवार वापरलं तर सगळाच कपडा कमजोर होतो, आणि ताणली जाणारी पँट असेल तर तिच्यातला इलॅस्टेन, म्हणजे ताण देणारा रबरासारखा धागा, आधी जातो. गुडघ्यांशी फुगलेली आणि परत जागेवर न बसणारी पँट बघितली की समजायचं. अशा कपड्याला अंगठ्याची परीक्षा चार वेगवेगळ्या जागी द्या. चारही ठिकाणी "चर्र" आलं तर आभाळ फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार.

ती पाच वेळा शिवलेली पँट मी शेवटी कापली. मांडीचा कडक चट्टा टाकून दिला. पोटऱ्यांकडचं कापड मात्र जवळजवळ कोरं होतं आणि इतक्या धुण्यांनंतर त्याचं आकसणं कधीच संपलेलं होतं. सध्या घरातल्या तीन पँटींच्या मांड्यांत आतून तेच आहे.